परत घेतलेल्या दोन बाटल्या

टॉटनहॅम, लंडन
१२ मार्च १९९५

सेर्वा,

या दोन खोल्यांत मी माझ्या हाताने केलेल्या वस्तू अशा. एक दुहेरी पलंग, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवलेले, एकही खिळा नाही. आपल्या दुफीसाठी एक अरुंद पलंग, खाली दोन खण. जेवणाचं टेबल, भिंतीला दुमडून लावता येतं. चार स्टुलं, त्यातलं एक आपल्याकडच्यासारखं, मध्ये खोलगट, बसलं की आई आठवते. तुझ्या कापडांसाठी कपाट. फळ्या मुद्दाम खोल ठेवल्यात, बारा वारी कापड घडी न मोडता मावेल. खिडक्यांच्या दोन चौकटी, ज्या खरं तर घरमालकाने करायच्या होत्या. आणि उकडलेले कंद कुटून फूफू करायला एक उखळ. नगरपालिकेने रस्त्यावरचं झाड तोडलं तेव्हा बुंधा मागून आणला होता. पहिलाच घाव घातला तर खालच्या म्हातारीने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. आता उखळात छत्र्या ठेवतो. फूफूचं पीठ इथे पुड्यात मिळतं, पाण्यात ढवळायचं. तोंड वाकडं करू नकोस, सवय होते.

ही यादी फुशारकीसाठी नाही. बरं, थोडी आहे. पण मुख्य कारण असं की येणाऱ्या माणसांना राहायला जागा आहे हे इथल्या सरकारला दाखवावं लागतं. वस्तूंचे फोटो सोबत आहेत.

होय, येणाऱ्या माणसांना. एकवीस फेब्रुवारीला माझ्या पासपोर्टात शिक्का पडला. आता मी इथे कायम राहू शकतो, बाहेर जाऊन परत येऊ शकतो. या पंधरा वर्षांत कधी तिकडे आलो असतो तर इथे परत येता आलं नसतं, म्हणून आलो नाही. आईच्या मातीलाही नाही. अर्ज मी स्वतः भरला. नियमांचं पुस्तक ग्रंथालयाबाहेर नेऊ देत नाहीत, म्हणून तिथेच बसून वाचलं. इथे एक मोफत कायदे-सल्ला केंद्र आहे, तिथल्या बाईंनी अर्ज पाहून विचारलं, "वकील कोण होता तुमचा?" म्हटलं, "सुतार होता."

त्याच बाईंकडून आपल्यासाठी कोणकोणत्या वाटा आहेत ते समजून घेतलं. कायम राहणाऱ्या माणसाला बायको आणता येते, आणि तिच्याबरोबर अठरा वर्षांखालची मुलं. विधवा आई पासष्टच्या वर असेल तर तीही. आपल्याला आता त्याचा उपयोग नाही. मी म्हटलं, "आणि भाचा?" त्या म्हणाल्या, "भाचा कुटुंबात धरत नाहीत." मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे बापाचं मुलाला जात नाही, मामाचं भाच्याला जातं. भाचा कुटुंबात नाही तर काय शेजारी आहे?" त्यांनी चहा दिला.

तर तू आणि दुफी. दुफी सोळा सप्टेंबरला अठरा पुरी करते. अर्ज त्याआधी आक्राच्या ब्रिटिश कचेरीत पडला पाहिजे. एक दिवस उशीर झाला तर तुला परवानगी मिळेल आणि ती मागे राहील. त्यासाठी एकच कागद हवा: १९७६ साली रिवाजाप्रमाणे आपलं लग्न झालं असं दोन्ही घरांकडून शपथेवर लिहून. आमच्याकडून न्यार्कोदादा, तुमच्याकडून ग्यामेरामामा. दादाला जानेवारीतच लिहिलं होतं, त्याचं उत्तर नाही. म्हणून या खेपेला त्याच्या टपालपेटीऐवजी दुफीच्या शाळेच्या पेटीवर लिहितो आहे. तिला वाचता येतं, मध्ये माणूस कशाला? हे आधीच सुचायला हवं होतं.

तुझा नवरा,
क्वाकू


कुमासी
२ एप्रिल १९९५

दुफीच्या बाबांना,

(बाबा, लिहिते मी, दुफी. आई बोलते तसंच्या तसं लिही म्हणाली, एक शब्द गाळलास तर जेवायला नाही.)

तुमचं पत्र दुफीने मला तीनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मी धुरावरची मासळी उलटत होते. तिला म्हटलं, आईची चेष्टा करतेस का गं, नीट वाच. दुसऱ्यांदा शेजारच्या मास्तरणीला बोलावून वाचून घेतलं. तेच. खाली लिहिलंय, "तुझा नवरा." मग मी बसले.

तुम्ही कोणाचे नवरे? मला तर अकरा वर्षं नवरा नाही.

तुम्ही खरंच विसरलात की हे लिहिणारा दुसराच कोणी आहे? म्हणून सगळं सांगते. त्र्याऐंशीत रानं जळाली, मका जळाला, नायजेरियातून हाकललेली माणसं डोक्यावर गोण्या घेऊन परत आली. त्यांच्यातही तुमची बातमी नव्हती. पैसा नाही, पत्र नाही. कोणी म्हणालं बुडाला, कोणी म्हणालं गोरी बाई केली. असं दीड वर्षाच्या वर गेलं. मग ग्यामेरामामा आला. म्हणाला, "पोरी, तू ना विधवा ना लग्नाची. हे बरं नाही. त्यांच्या बाटल्या त्यांना परत करू. त्यांनी घेतल्या की लग्न सुटलं." लग्नात तुमच्या घरून दारूच्या दोन बाटल्या आल्या होत्या, तशाच दोन विकत घेतल्या आणि तो तुमच्याकडे निघाला.

मी चुलीपाशी बसून होते. मनात म्हणत होते, त्यांनी घेऊ नयेत. घेतल्या नाहीत तर तुम्ही जिवंत आहात आणि मी तुम्हाला हवी आहे. संध्याकाळी मामा आला तो हात हलवत. म्हणाला, "न्यार्कोने घेतल्या. उघडल्या. प्यायलो आम्ही." दुसऱ्या दिवशी न्यार्को स्वतः आला आणि रिवाजाप्रमाणे माझ्या खांद्यावर पांढरी माती टाकली. "आमच्या घराने तुला मोकळं केलं," म्हणाला. मला वाटलं, हे तुमचं उत्तर.

त्यानंतर चार महिन्यांनी तुमचं पत्र आलं आणि पैसे. न्यार्कोने पत्र वाचून दाखवलं: बापाने मुलीच्या शिक्षणासाठी पाठवलेत. बापाने पाठवायचेच असतात, त्यात नवल नव्हतं. त्याने त्यातली एक सेडीही खाल्ली नाही, हे मी देवासमोर सांगेन. दर खेपेला तो वाचायचा: मुलीला आशीर्वाद, तिच्या आईला नमस्कार, इकडे थंडी आहे. मी सांगायचे, फी भरली म्हणून लिही.

दोघांनी मला मागणी घातली होती. मी म्हटलं, माझ्या अंगाचा मासळीचा वास जाणार नाही, तुम्ही जा.

आता विचारते ते एकच. तुम्हाला ठाऊक नव्हतं?

सेर्वा

(बाबा, आई रडली नाही. पण आज एक अख्खी जाळी मासळी कोळसा झाली. आमच्याकडे मासळी कधी जळत नाही.)


लंडन
१४ एप्रिल १९९५

सेर्वा,

नव्हतं ठाऊक.

तुझं पत्र खिशात घालून कामावर गेलो आणि एका दाराची चौकट दीड इंच आखूड कापली. मुकादम चौकटीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, "माझा काडीमोड झाला." तो म्हणाला, "अरेरे, कधी?" मी म्हटलं, "अकरा वर्षांपूर्वी." त्याने मला घरी पाठवलं.

त्या दीड वर्षात मी पत्रं लिहिली होती. इथे धरपकड चालू होती, टपालात टाकायची भीती वाटायची, म्हणून लेगॉसमार्गे जाणाऱ्या माणसाजवळ दिली. सीमा बंद होती. ती कुठे गेली कोण जाणे. पण नंतरची सगळी दादाच्या पेटीत पडली, आणि त्या एकूण एक पत्राची सुरुवात "माझ्या बायकोला" अशी आहे. एकात पलंगाचं चित्र काढून विचारलं होतं, उंची पुरे की कमी करू? तुझं उत्तर आलं, फी भरली. तू मला "दुफीचे बाबा" म्हणत होतीस. मला वाटलं, दूर राहिलेल्या नवऱ्यावर रुसलीस. मी मनात म्हणायचो, रुसू दे, हक्क आहे तिचा.

दादाला लिहिलं आहे. काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सल्ला-केंद्रातल्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नवऱ्याला न विचारता?"

"हो."

"बायकोला न विचारता?"

"मामाने विचारलं असेल. तो विचारतो म्हणजे सांगतो."

"आणि तरी हा घटस्फोट खरा?"

"बाई, बाटली उघडली. याहून खरा कसा असणार?"

मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझी उरलीसुरली झोप गेली. दुफीला एकटीला आणता येत नाही. त्यासाठी मुलीला बापानेच एकट्याने वाढवलेलं हवं. तू जिवंत आहेस आणि तिला तू वाढवलंस, हीच अडचण! म्हणजे तू बायको म्हणून आलीस तरच ती येणार. आपण नव्याने लग्न केलं तर आक्राचा साहेब म्हणणार, काल लग्न आणि आज अर्ज, हे लग्न इकडे येण्यासाठीच केलंय. तसं वाटलं तर नाकारायचा त्याला अधिकार आहे. आणि बाटल्या परत गेल्याच नाहीत असं दोन्ही घरांनी शपथेवर लिहिलं, तर एकोणीस वर्षांचं लग्न, एक मुलगी, काम चुटकीसरशी. बाई म्हणाल्या, "हे मी ऐकलं नाही आणि तुम्ही बोलला नाहीत."

मी खोटी शपथ घेणार नाही. फळी सव्वा इंच असेल तर मी सव्वाच सांगतो. पण यात तुझं आणि दुफीचं नुकसान आहे, म्हणून माझ्या एकट्याच्या हेक्यावर ठरवणार नाही. आणि त्याच्याही आधी दुसरी गोष्ट, जी साहेबाला नाही, तुला विचारायची आहे. लंडन बाजूला ठेव. माझ्या बाटल्या तू पुन्हा घेशील का?

क्वाकू


सुआमे, कुमासी
६ मे १९९५

अरे लंडनच्या सुतारा,

तुझं पत्र मिळालं. सख्ख्या मोठ्या भावाला असं लिहितात? मी ते दुकानातल्या पोरांसमोर उघडलं नाही हे माझं नशीब.

मला विचारतोस, कोणाच्या हुकमाने बाटल्या घेतल्या. मी तुला विचारतो, लग्न लागलं तेव्हा तू कुठे होतास? टकोराडीला फळ्यांना रंधा मारत होतास! सासऱ्याच्या दारात बाटल्या घेऊन मी गेलो होतो, हात जोडून मी बोललो होतो, मुलीचा होकार मी ऐकला होता. तेव्हा नाही विचारलंस, कोणाच्या हुकमाने? मी बांधलं, मी सोडलं. रिवाज हाच आहे. लग्न दोन घरांचं असतं, दोन माणसांचं नव्हे. तिकडे राहून तुझं डोकं गोऱ्यांसारखं झालंय.

आणि ती वेळ आठव. आठवणार कुठून, तू नव्हतास. लोक उकडलेली मुळं खात होते. ग्यामेरा दारात उभा, मागे चार माणसं. म्हणाला, "तुमचा मुलगा जिवंत आहे असं सांगा, मी परत जातो." मी कसं सांगू? तुझं प्रेत तरी होतं का माझ्याजवळ, की पत्र? नाही घेतल्या असत्या तर पोरीला आयुष्यभर बांधून ठेवल्याचं पाप माझ्या माथी. घेतल्या. मी रडलोही, ते तिला विचार.

मग चार महिन्यांनी तुझं पत्र. "माझ्या बायकोला." आता मी काय करायचं होतं? तुला लिहायचं की बाबा, तू जिवंत आहेस पण बायको गेली? त्या काळ्या थंडीत लपून बसलेला माणूस, त्याने रेल्वेखाली जीव दिला असता. म्हटलं, शिक्का मिळू दे, मग सांगू. शिक्का काही मिळेना. वर्षं गेली. जितका उशीर होत गेला तितकं तोंड उघडेना. पैसे मात्र पोचवले, शेवटच्या सेडीपर्यंत.

झालं ते झालं. आता पुढचं ऐक, आणि उभा असशील तर बस.

तू मोकळा आहेस. शिक्का असलेला मोकळा पुरुष! असा माणूस कुमासीत दिव्याने शोधून सापडत नाही. आपला लाकूड-व्यापारी तविया, ज्याच्या आवारातून तू उधार फळ्या न्यायचास, त्याची धाकटी मुलगी आहे. शिवणकाम येतं, इंग्रजी येतं. नाव लावायचं, ती तिकडे येईल, दोन-चार वर्षं तुझ्या नावावर राहील, मग बाटल्या परत, तू तुझा ती तिची. तविया यासाठी जी रक्कम म्हणतो ती मी पत्रात लिहीत नाही, टपालात लोक पत्रं उकलतात. ओळखीचा एक माणूस तिकडे येतोय, तो तोंडी सांगेल. ऐकून दाराच्या चौकटी कापायचं सोडून देशील.

वेळ घालवायला नको म्हणून मागणी घालताना नेतात ती दार वाजवण्याची बाटली मी तवियाकडे नेऊन ठेवली आहे. त्यांनी घेतली. पुढच्या महिन्यात लग्नाच्या बाटल्या नेतो. तू यायची गरज नाही.

तुझा दादा,
न्यार्को


कुमासी
९ मे १९९५

दुफीच्या बाबांना,

उत्तर द्यायला दोन आठवडे घेतले, कारण मी विचार करत होते. मूर्खासारखी! दोन गल्ल्या लांब जाऊन ग्यामेरामामाला सांगून आले होते की बाटल्या आल्या तर घे.

काल तवियाची बायको माझ्या ठेल्यावर आली. दहा बांगडे घेतले, वर दोन जास्त मागितले. मी म्हटलं, "दोन कशाचे?" तर हसून म्हणते, "अगं, आता सोयरीक झाली ना आपली! तुझ्या मुलीच्या बापाकडून आमच्या दारावर थाप पडली. दुफी आता माझ्याही मुलीची मुलगी." सगळ्या मासळीवाल्या ऐकत होत्या. मी तिला दोन बांगडे जास्त दिले. मोजताना चुकले, तीन गेले.

एका हाताने मला विचारता लंडन बाजूला ठेवून घेशील का, आणि दुसऱ्या हाताने तवियाचं दार वाजवता? एकदा तुमच्या घराने मला न विचारता मोकळं केलं. आता मी माझी मला विचारून मोकळी होते. दुफीच्या फीचे पैसे पाठवा, बाकी काही लिहू नका.

सेर्वा

(बाबा, हे आईला न दाखवता लिहिते आहे. न्यार्कोकाकांनी तुम्हाला विचारलं होतं का? मला वाटतं, विचारलं नसेल. मी तसं म्हटलं तर आई म्हणाली, "त्यांच्या घरात कोणी कोणाला विचारत नाही, हेच तर दुखणं आहे." मला लंडन नको असं नाही. मला नर्सिंग शिकायचं आहे, हे तुम्हाला कधी कळवलं होतं का कोणी? पण आई तिकडे आणि मी इकडे, किंवा मी तिकडे आणि आई इकडे, असं नको. तुम्ही काही करायचं असेल तर चटकन करा.)


तार
लंडनहून, २२ मे १९९५

दादाने मला विचारलं नाही. तवियाकडची बाटली मी येऊन परत आणीन. तुझ्या दारावर थाप मी माझ्या हाताने मारणार. हो किंवा नाही तोंडावर सांग. तीन जूनला पोचतो. क्वाकू.


कुमासी
२८ जुलै १९९५

प्रिय बाबा,

तुम्ही परत गेल्यापासून ग्यामेराआजोबा येईल-जाईल त्याला एकच गोष्ट सांगतात. "नवरदेव स्वतः आला! स्वतः बोलला! मध्यस्थ नाही, भाऊ नाही. मी म्हटलं, तुझ्या घरचा माणूस कुठे? तर म्हणतो, माझ्या घरच्या माणसाने गेल्या वेळी फार मन लावून काम केलं, या वेळी त्याला विश्रांती!" मग आजोबा स्वतःच खोकेपर्यंत हसतात. पण आज कोणी हसत नाही.

काल आक्राला मुलाखत झाली. पहाटेची बस धरून गेलो. आईने तुम्ही आणलेलं निळं कापड नेसलं होतं. साहेब तरुण होता, वाईट नव्हता, आईला पाणीसुद्धा दिलं. मध्ये दुभाषी. मी शेजारी बसले होते, म्हणून शब्द न् शब्द सांगते.

"लग्न कधी झालं?"

आई म्हणाली, "शहात्तर साली."

"पण इथे गेल्या महिन्याची तारीख आहे."

"ते दुसरं. पहिलं चौऱ्याऐंशीत मोडलं."

"कोणी मोडलं?"

"त्यांच्या भावाने आणि माझ्या मामाने."

"तुमच्या नवऱ्याला हे कधी कळलं?"

"या वर्षी एप्रिलमध्ये."

साहेबाने दुभाष्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारायला सांगितलं. आईने पुन्हा तेच सांगितलं. साहेबाने हिशेब केला. "अकरा वर्षं ते समजत होते की तुम्ही त्यांची बायको आहात, आणि तुम्ही समजत होता की नाही?"

"हो."

"आणि पत्रं येत होती?"

"येत होती."

दुभाषी आमच्याच भागातला. त्याने मान खाली घातली, पण खांदे हलत होते. मला त्याचा इतका राग आला!

मग साहेब म्हणाला, "एक प्रामाणिकपणे सांगा. इंग्लंडला जायचं नसतं, तर हे दुसरं लग्न केलं असतंत?"

आई म्हणाली, "त्यांना इंग्लंडहून येता आलं असतं, तर पहिलं मोडलंच नसतं."

दुभाष्याचं हसू थांबलं. त्याने ते नीट सांगितलं, हळू सांगितलं. साहेबाने लिहून घेतलं. मला वाटलं, आता झालं.

दुपारी कागद दिला. नाकारलं. लिहिलंय की सांगितलेली हकीकत विश्वास ठेवण्याजोगी नाही, आणि लग्न सात आठवड्यांचंच असल्यामुळे ते मुख्यतः प्रवेशासाठी केलेलं दिसतं. आईचं नाही, म्हणून माझंही नाही. कागदाची नक्कल सोबत आहे.

आई फाटकाबाहेर कठड्यावर बसली. म्हणाली, "खोटं बोलले असते तर आता तिकीट काढत असते."

आणि बाबा, फाटकाबाहेर न्यार्कोकाका गाडी घेऊन उभे होते. त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. आम्हाला कुमासीपर्यंत आणलं, वाटेत जेवायला घातलं. मग म्हणाले, तविया अजून तयार आहे, रकमेत भरही घालतोय, नव्या बाटल्या परत करायला एक संध्याकाळ पुरे. मी गाडीतून उतरणार होते. आईने हात धरला. नंतर घरी आल्यावर ती मला म्हणाली, लिही: "तुम्हाला घ्यायचे असतील ते पैसे तर घ्या. दुफी नर्स होईल. मी काही बोलणार नाही. या वेळी मला विचारलंत एवढं पुरे आहे."

मी लिहिणार नव्हते. ती समोर बसली आहे.

तुमची,
दुफी


लंडन
१३ ऑगस्ट १९९५

न्यार्कोदादा,

हे पत्र सेर्वासमोर बसून दुफीकडून मोठ्याने वाचून घे. नक्कल तिला वेगळी पाठवली आहे, म्हणजे मधली ओळ गळायची नाही.

नाकारल्याचा कागद मिळाला. वाचून मी उभाच राहिलो. त्या साहेबाला दोष देत नाही. मी स्वतः आपल्या माणसांतला, आणि माझाही एप्रिलमध्ये विश्वास बसला नव्हता. आपण जे केलं ते खरं आहे म्हणून खोटं वाटतं.

अपील दाखल केलं आहे. इथे लंडनमध्ये न्यायाधीशासमोर चालेल, मी उभा राहीन. वर्ष लागेल, कदाचित जास्त. दुफीला सांग, वय अर्जाच्या दिवशीचं धरतात, निकालाच्या दिवशीचं नाही. हे मी नियमाच्या पुस्तकात स्वतः वाचलं आणि मग बाईंना विचारून खात्री केली. सोळा सप्टेंबर आला आणि गेला तरी तिची जागा जात नाही. तिने रडायचं नाही, जीवशास्त्र वाचायचं.

तुझं काम असं. चौऱ्याऐंशी साली तू काय केलंस, ते वकिलासमोर बसून शपथेवर लिहायचं. बाटल्या कोणी आणल्या, कोणी उघडल्या, माती कोणी टाकली, माझी पत्रं तू कशी वाचून दाखवलीस आणि काय गाळलंस. पत्रं तू जपून ठेवली आहेस हे मला जूनमध्ये वहिनीने सांगितलं, तीही जोड. तुला लाज वाटेल. वाटू दे. तू वाईट माणूस नाहीस, हे मी न्यायाधीशालाही सांगेन. पण तू लिहिलं नाहीस तर माझ्या बायकोला खोटारडी ठरवणारा कागद तसाच राहील, आणि मग मी तुझ्या दारात येणार नाही, तुझ्या मातीलाही नाही.

तवियाबद्दल. तुझा माणूस मे महिन्यात येऊन गेला, आणि परवा पुन्हा आला. या खेपेला आकडा वाढवून आणला होता. माझ्या टेबलाशी बसून जेवला, पलंगाचं कौतुक केलं, मग आवाज खाली आणून बोलला. सेर्वाने घ्या म्हटलं तेही मला पोचलं आहे. तिने ते मन मोठं करून म्हटलं, म्हणून तिला वेगळं लिहिलं आहे.

बाईंनी सांगितलं की लग्न खरं आहे याला पुरावा द्या. मी विचार केला, माझ्याजवळ काय आहे? फोटो आहेत, तारीख आहे, विमानाचं तिकीट आहे. त्या साहेबाकडे हे सगळं होतं. म्हणून अपिलाच्या शेवटच्या पानावर, तुझ्या माणसाचं नाव न घालता, मी माझ्या हाताने हे लिहिलं आणि खाली सही केली: हे लग्न मोडून दुसऱ्या एका मुलीला बायको म्हणून माझ्या नावावर लावावं, असं मला दोनदा सांगण्यात आलं. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी देऊ केलेली रक्कम सात हजार पौंड होती.

क्वाकू